दर चैत्रात उजळते

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

विमलच्या चैत्रांगणातलं पिवळं उतरलंय. सकाळी पूजेला बसलो तेव्हा वाटलं चष्म्याचा दोष. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. झोपाळ्यावरच्या गौरीची साडी, सूर्य, समईच्या ज्योती, सगळं ज्वारीच्या पिठासारखं झालंय. गेरूचं लाल आहे तसं आहे. काजळीचं काळं आहे तसं आहे. फक्त हळद चाललीय.

धाराशिवच्या कॉलेजात चौतीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. प्राध्यापक नव्हे, सहायक. प्राध्यापक फळ्यावर लिहायचे आणि परीक्षानळीत ते घडवून दाखवायचो मी. प्रयोग सुरू केला की वही सुरू करायची, ही सवय तिथलीच. म्हणून आज ही वही.

आधी वस्तूची नोंद. चैत्रात बायका अंगणात रोज रांगोळीनं चैत्रांगण काढतात. गौर, कासव, नाग, कमळ, गायीची पावलं. विमल वैतागायची, "रोज कंबर मोडून काढायचं आणि रोज त्यावर कुत्रं लोळायचं, मेलं!" म्हणून २०१६ च्या चैत्रात तिनं ते प्लायवुडच्या फळीवर काढलं. खाली खडूचा पांढरा हात, वर घरातले रंग आणि बाभळीचा डिंक. फळी देवघराशेजारी लावली. विमल २०१९ च्या श्रावणात गेली. साड्या वाटून टाकल्या, आवाज कुणी भरून ठेवला नाही. तिच्या हातचं एवढंच राहिलंय, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत जातंय.

कशानं गेलं तेही लिहून ठेवतो. देवश्रीनं घालवलं.

देवश्री माझी सून. म्हणजे होती. अनिरुद्धनं पुण्यात दुसरा संसार मांडला, २०२१ ला घटस्फोटाचे कागद झाले. तिची शाळा इथं धाराशिवात, म्हणून मीच म्हणालो, राहा. लोक काय म्हणायचे ते म्हणाले. तीन वर्षं आम्ही दोघंच होतो आणि बरं चाललं होतं, खोटं कशाला बोलू. मागच्या पाडव्यानंतर दोन दिवसांसाठी तुळजापूरला थोरल्या भावाकडं गेलो, दरवर्षी जातो तसा. भाऊ गावाला गेलेला, म्हणून संध्याकाळीच परत आलो. बघतो तर ही स्टुलावर उभी, हातात ओलं फडकं, आणि फडक्याला पिवळं लागलेलं. विमलचा रंग पुसून निघत होता!

मी जे बोललो ते इथं लिहायलाच हवं. म्हणालो, "जिला स्वतःचं कुंकू टिकवता आलं नाही, तिनं माझ्या बायकोच्या गौरीला हात लावू नये."

ती खाली उतरली. मोरीत जाऊन वाटी धुतली. जूनमध्ये येरमाळ्याच्या शाळेत बदली घेऊन गेली.

जास्त बोललो. पण रंग तिनंच पुसला, हेही खरं.

१६ फेब्रुवारी, रविवार

माळ्यावर विमलची वही मिळाली. शाळेची दोनशेपानी. अर्ध्या वहीत लोणच्याची मापं, मग रंगांच्या कृती. डोळे भरून आले. किती नीट लिहिलंय! "डिंक रात्री भिजवावा, उन्हात वाळतं नाहीतर." "काजळी तेलात कालवली तर फळीला चिकटतं." "खडूचा हात जाड झाला की फुटतं." आणि शेवटी चित्राचं पान, त्यात ही ओळ:

"पिवळं – हळद, डिंक. दर चैत्रात उजळते."

चारदा वाचली. हे मी स्वतः पाहिलेलं आहे! दरवर्षी तुळजापूरहून परत आलो की चित्र झळझळीत दिसायचं. मला वाटायचं, दोन दिवस दूर राहून आल्यामुळं तसं दिसतंय. विमलला तसं बोललोही होतो एकदा, "तुझा रंग टिकतो बरं का." ती पदर तोंडाला लावून हसली होती.

म्हणजे हळद चैत्रात आपोआप उजळते. कशी? उन्हाळ्याच्या तापानं डिंक मऊ होऊन खालची हळद वर येत असेल. हे शोधून काढलं पाहिजे. सातवी शिकलेल्या बाईनं चुलीशी बसून शोधलेली गोष्ट आहे ही.

३ मार्च, सोमवार

गच्चीवर पट्ट्या ठेवल्या होत्या. खडूचा हात, वर हळद आणि डिंक, तिच्या मापानं. पंधरा दिवसांत पिवळं साफ उडालं. अर्धी पट्टी पत्र्याखाली झाकली होती, तेवढी शाबूत. हळद उन्हाला टिकत नाही हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. देवघराशेजारच्या भिंतीवर सकाळी तासभर ऊन येतं. मग विमलची आठ वर्षं कशी टिकली?

गायत्री मॅडमना दाखवलं. त्या आता विभागप्रमुख आहेत. एकेकाळी माझ्याच हाताखाली ब्युरेट धरायला शिकल्या, अजून मला वसंतराव सर म्हणतात. एप्रिलअखेर कॉलेजात घरगुती रंगांवर चर्चासत्र आहे, त्यात मांडा म्हणाल्या. शोधनिबंधावर नाव कुणाचं? मी म्हणालो, विमलचं. माझं खाली, बारीक अक्षरात.

मी म्हणालो आठ दिवसांत लिहून देतो. मॅडम हसल्या, "पी हळद हो गोरी होत नसतं, सर. आधी नमुना काढा, तपासा."

११ मार्च, मंगळवार

फळीच्या कडेला, सूर्याच्या किरणापाशी, पत्तीनं पापुद्रा उचलला. तिळाएवढाही नाही. तिच्या अंगाला पत्ती लावल्यासारखं झालं.

एका कणावर सोड्याचं पाणी टाकलं. लाल झाला. हळद, शंकाच नाही. दुसऱ्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब. गुलाबी! नुसत्या हळदीचा असा रंग पाणी घातलं की जातो. हा गेला नाही. म्हणजे मेटॅनिल यलो, पेठेतल्या सुट्या हळदीत घालतात तो कारखान्याचा रंग.

विमलच्या हातच्या रंगात भेसळ? अशक्य. ती हळकुंडं आणून घरी कुटायची, दळलेली हळद कधी दारात येऊ दिली नाही. ती सवय देवश्रीची. कितीदा ओरडलो असेन तिला, वरण आहे की होळीचा रंग म्हणून. नमुना घेताना माझ्याच हाताला स्वयंपाकघरातली हळद लागलेली असणार. देवश्रीनं ठेवलेला डबा अजून संपलेला नाही. निकाल बाद धरला.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी एकट्यानं उभी केली. काठी धरायला शेजारच्या म्हाळसाबाई आल्या. अनिरुद्धचा फोन आला, तीन मिनिटं. देवश्रीचाही आला. वाजू दिला. काय बोलणार होतो? दोनदा वाजला आणि थांबला.

विमलच्या ओळीप्रमाणं आता उजळायला हवं. फळीसमोर खुर्ची टाकून बसलोय.

४ एप्रिल, शुक्रवार

उजळलं नाही. उलट समईच्या ज्योती आता दिसतच नाहीत.

आज कॉलेजात दुसरा नमुना तपासला. पापुद्रा पारदर्शक रेझिनमध्ये पुरला, घट्ट झाल्यावर पॉलिश-पेपरवर घासून बाजूनं कापल्यासारखा केला. म्हणजे रंग वरून दिसत नाही, भिंतीसारखा उभा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. गायत्री मॅडमनी आधी पाहिलं. मग म्हणाल्या, "सर, तुम्हीच बघा."

खाली खडूचा पांढरा पट्टा. त्यावर पिवळं, मग काजळी-धुळीची काळी रेघ, पुन्हा पिवळं, पुन्हा रेघ. लच्छेदार पराठ्याचे पदर असतात तसे. मोजले, आठ. पुन्हा मोजले, आठच. प्रत्येक थर वरच्या अंगानं फिकट, खालच्या अंगानं पिवळा.

ही धूळ उदबत्तीची आणि समईची. वर्षभराची. म्हणजे दरवर्षी कुणीतरी त्यावर नवा हात दिलाय.

मॅडमनी आणखी दाखवलं. खालच्या चार थरांत हळदीचे कण मोठे, ओबडधोबड, खलबत्त्यात कुटलेले. वरचे चार मैद्यासारखे बारीक. कापलेल्या अंगावर आम्ल लावलं. वरचे चार गुलाबी झाले, खालचे चार नाही.

चार आणि चार. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस. वीस, एकवीस, बावीस, तेवीस.

मॅडमनी चहा मागवला. मी न पिता घरी आलो.

५ एप्रिल, शनिवार

रात्रभर उमगलं नाही, पण पहाटे डोळा उघडला तेव्हा विमलची ती ओळ आठवली. उठून वही काढली. विमल बोलायची तसंच लिहायची. वाळतं. चिकटतं. फुटतं. काजळी असो की डिंक, वस्तूला ती "-तं"च लावायची, वहीभर एकदाही "वाळते" नाही. हळद आपोआप उजळत असती तरी तिनं "उजळतं"च लिहिलं असतं.

"उजळते." मी उजळते. विमल उजळते.

चार अक्षरं वाचता येईनात मला! त्यावर सिद्धांत रचला, डिंक मऊ होतो म्हणे. अरे, डिंक नाही, तुझं डोकं मऊ झालंय, वसंता.

म्हाळसाबाई आंब्याची डाळ घेऊन आल्या. फळीकडं बघून म्हणाल्या, "अगं बया! पिवळं समदं गेलं की. सूनबाई आली न्हाय व्हय औंदा उजळायला?"

मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्यात काय ठाऊक असायचंय? गौर दर साली उजळावीच लागती. आदी विमलताई करायच्या, मग ती करायची. तुमी तुळजापूरला गेला की, करोनात दुपारचं निजला की, वाटी घिऊन बसायची. फडक्यानं धूळ पुसायची, मग हळद लावायची. तुमाला म्हाईत न्हाय?"

अख्ख्या गल्लीला माहीत होतं. घरात राहून मला नव्हतं.

फडक्याला लागलेलं पिवळं. वाटी. त्या वाटीत काय होतं ते मी वाकून पाहिलंसुद्धा नाही. धूळ पुसून झाली होती, नववा हात द्यायचा होता, आणि मी तिला स्टुलावरून खाली उतरवलं. विमलचं पिवळं देवश्रीनं नाही घालवलं. मी घालवलं. चौतीस वर्षं पोरांना सांगत आलो, निरीक्षण आधी, निष्कर्ष मागून.

१३ एप्रिल, रविवार

येरमाळ्याला जाऊन आलो. फोनवर बोलायचं धाडस होईना. काल चैत्री पौर्णिमा झालेली, येडेश्वरीची यात्रा भरलेली, एसटीत पाय ठेवायला जागा नाही. आज चुना वेचायचा दिवस. रानात बाया-माणसं वाकून पांढरे खडे वेचत होती, त्याच चुन्यानं देवीचं देऊळ रंगवतात. माझ्या शेजारी उभी एक म्हातारी पदरातले खडे सांभाळत म्हणत होती, "आईचं घर उजळायचंय." तो शब्द ऐकून मला रडू आलं. गर्दीत कुणाचं लक्ष नव्हतं.

देवश्रीची खोली शाळेमागं. मला दारात बघून ती दचकली. "बाबा! ह्या उन्हात? आधी बसा, पाणी घ्या." गूळ-पाणी दिलं. वाळलीय. केस थोडे पांढरे दिसले.

मी बसलोच नाही. उभ्यानंच सांगितलं, "आठ थर निघाले. चार तिचे, चार तुझे. मी मागच्या वर्षी जे बोललो ते तोंडातून जायला नको होतं. माझी चूक झाली, देवश्री. लई मोठी चूक झाली."

तिनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "आईंनी शेवटच्या आजारात शिकवलं होतं मला. किती हळद, किती डिंक. म्हणाल्या, 'ह्यांना सांगू नकोस. माझा रंग टिकतो म्हणून गावभर सांगत फिरतात. फिरू दे बापडे.'"

विमल! मला मूर्ख ठेवण्यातसुद्धा माया करून गेली.

"त्या दिवशी सांगायचं होतंस मला," मी म्हणालो. "तोंडावर सांगायचं होतंस."

"सांगणार होते. पण तुम्ही कुंकवाचं बोललात." ती भिंतीकडं बघत होती. "अनिरुद्धनं सोडलं तेव्हासुद्धा मला एवढं लागलं नव्हतं, बाबा. मी त्याची उरले नव्हते, पण तुमच्या घरची आहे असं वाटायचं."

मी रिकामा पेला तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "अक्षय तृतीयेपर्यंत गौर असते. एकदा ये. तुझ्या हातानं उजळून जा."

ती घुटमळली. "अक्षय तृतीयेला माझं लग्न आहे."

मुलगा जळकोटचा, अमरनाथ नाव, तिच्याच शाळेत गणित शिकवतो. लिंगायत घर. त्याची पहिली बायको वारली. लग्न जळकोटलाच, घरच्या घरी, बाराला मुहूर्त. पाडव्याला हेच सांगायला फोन केला होता म्हणाली.

वाईट वाटलं आणि खरंच आनंदही झाला, दोन्ही एकदम. "चांगलं केलंस," म्हणालो. "मी येतो की मग. अक्षता टाकायला घरचं कुणीतरी पाहिजेच."

ती कितीतरी वेळ हातातला रिकामा पेला फिरवत राहिली.

"नको, बाबा," म्हणाली. "तिकडचे लोक विचारतील. तुम्हाला काय म्हणून सांगू?"

तिनं रागानं विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं. पाया पडली. एसटीपर्यंत सोडायला आली, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. ड्रायव्हरला सांगितलं, "वडीलधारी आहेत, जपून न्या."

२५ एप्रिल, शुक्रवार

चर्चासत्र झालं. मूळचा निबंध फाडून टाकला होता. पडद्यावर आठ थरांचं चित्र दाखवलं आणि सरळ सांगितलं, ह्यात शोध काही नाही, हळद टिकत नाही, ही दोन बायकांची मेहनत आहे. दोघींची नावं शेजारी शेजारी, एकाच आकारात लिहिली होती. माझं नाव घातलं नाही. लातूरच्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "ह्या दोघींचं नातं काय?" म्हणालो, सासू-सून. पुढं त्यांनी विचारलं, "मग यंदा सूनबाईंनी का नाही उजळलं?" मी पाण्याचा घोट घेतला. गायत्री मॅडमनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय तृतीया

सकाळी म्हाळसाबाई विचारायला आल्या, "माझी सून राजेश्वरी दीस कलायच्या आत गौर उजळून देती. पाठवू का?" मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "अशी पांढरी फटक ठिवायची व्हय?" आता वरचा हात देवश्रीचा आहे, तो मला झाकायचा नाही, हे त्यांना कसं सांगायचं? भिंतीवर ऊन येतं त्या खिडकीला जाड पडदा लावून घेतला. देवघरात अंधार झाला. पिवळं आता फक्त साडीच्या निऱ्यांत, काठाशी आहे.

देवश्रीला फोन करावा असं दहादा वाटलं. नवरी मुलगी आज फोन घेईल का आणि घेतला तर शेजारी बसलेल्यांना कोणाचा म्हणून सांगेल? केला नाही.

पावणेबाराला अंघोळीचं धोतर बदलून स्वच्छ नेसलो. वाटीभर तांदूळ घेतले, कुंकू कालवलं, थोडी हळद घातली, त्याच डब्यातली. बाराला मूठभर अक्षता घेऊन उभा राहिलो. मंगलाष्टका मला पाठ आहेत, म्हटल्या. त्यांच्यात ह्या म्हणतात की नाही कोण जाणे. शेवटचं "शुभमंगल सावधान" मोठ्यानं म्हणालो आणि हात उचलला. मग कुठं टाकाव्या ते कळेना. जळकोट कोणत्या अंगाला येतं ते ठाऊक आहे, तिकडं तोंडही केलं, पण समोर स्वयंपाकघराची भिंत.

आता साडेबारा झालेत. तिकडं पंगत बसली असेल. अक्षता अजून डाव्या मुठीत आहेत, उजव्या हातानं हे लिहितोय.